तळाच्या डेकवर कुणीच नव्हतं

तुम्ही माझ्या आईला खोटं बोलायला लावलंत. मखमली खुर्ची दिलीत, चहा दिलात, छातीवर ‘मानाचे प्रवासी’ असा बिल्ला टोचलात, आणि मग चारचौघांत खोटं बोलायला लावलंत. अध्यक्षसाहेब आणि जतन समितीचे समस्त सभासद, हे वाचून तुम्हाला राग येईल. येऊ दे. मलाही आलाय आणि तो गिळून माझी झोप उडालीय, म्हणून हे लिहितोय.

तुमचं जे चांगलं आहे ते आधी सांगून टाकतो, उगाच कृतघ्न म्हणायला नको. ही आगबोट तुम्ही वाचवलीत. भंगारवाले तिच्या धुरांड्याला टेप लावून गेले होते. जुन्या धक्क्याला ती गंजत उभी होती आणि गावातली पोरं तिच्या अंगावर दगड मारून आवाज ऐकायची. तुम्ही वर्गणी काढलीत, गंज खरवडलात, नाचाच्या हॉलमधलं झुंबर उतरवून त्याचा एकेक लोलक धुतलात. मी पाट्या रंगवणारा. जुन्या पाट्या होत्या तशाच रंगवायला तुम्ही मला बोलावलंत आणि मी मन लावून रंगवल्या. ‘जेवणघर’. ‘येथे थुंकू नये’. ‘या दारापुढे फक्त पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे प्रवासी’. ही शेवटचीही तितकीच मन लावून, कारण तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

आठवणी गोळा करायची कल्पनाही तुमचीच, आणि ऐकायला ती फार छान होती. या बोटीने आलेली माणसं आता म्हातारी झालीत. ती जायच्या आत त्यांचा आवाज धरून ठेवायचा. ज्या जागेची आठवण कुणी सांगेल ती जागा होती तशी जतन करायची, तिच्या दाराशी बटण बसवायचं, बटण दाबलं की त्या माणसाचा आवाज यायचा. ‘ज्या जागेला आवाज, ती जागा जतन.’ ही पाटीसुद्धा मीच रंगवली. निळ्यावर पांढरी. तुम्ही तिच्याखाली उभं राहून फोटो काढलेत.

आता ती आठवणींची खोली. पूर्वी तिथे बोटीचा खजिनदार बसायचा. तुम्ही तिथे लाल मखमलीची खुर्ची ठेवलीत. समोर माइक घेऊन बसलेल्या बाई. बाई स्वभावाने गरीब, काहीही सांगितलं तरी मान डोलावणाऱ्या. त्यांच्या मागे भिंतभर फोटो: हाच नाचाचा हॉल, त्यात झगमगीत कपड्यांतली माणसं, हातात ग्लास, पाठीमागे वाजंत्री. दार उघडं. दारासमोर बाकावर नंबराची वाट बघणारे बाकीचे म्हातारे, त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं, आणि सगळ्यांच्या हातात फोन. आणि बाईंचा पहिला प्रश्न काय? “तुम्ही कोणत्या वर्गाने आलात?”

अहो, कोण काय सांगणार? भिंतीवर तो फोटो, कानाशी सून, पुढ्यात माइक. सगळ्यांनी सांगितलं, सेकंड क्लास. पहिला वर्ग म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही, तेवढी भीड माणसाला असते. इतके लोक खरंच सेकंड क्लासने आले असते तर बोट त्या बाजूला कलंडली असती. हे तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात येऊ नये?

तळाच्या डेकची आठवण कुणीच सांगितली नाही. कंपनीच्या जुन्या कागदांत वरच्या प्रवाशांची नावं आहेत, खालच्यांची यादीच नाही. नकाशात तळाच्या डेकवर एकच शब्द आहे: माल. झालं. आवाज नाही म्हणजे माणूस नाही. तुमच्या नकाशेवाल्या साहेबांनी ठरवलं की तो डेक कापायचा, वरची जमीनही काढून टाकायची आणि तिथे उंच छताचा हॉल करायचा, लग्नाकार्याला भाड्याने द्यायला. मला नवीन काम आलं: जिन्यापाशी पाटी हवी, ‘जुना मालखाना’.

तोपर्यंत मी आईला तुमच्याकडे आणून बसवलं होतं.

ती यायला तयार नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली, मग म्हणाली मला काही आठवत नाही, मग म्हणाली आत्याला घेऊन जा, तिला बोलायला आवडतं. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आणि आई एकाच फेरीने आल्या होत्या. वडील आधी येऊन बंदरावर कामाला लागले होते, त्यांनी दोघींना बोलावून घेतलं. आत्या नवीन चप्पल घालून दारात उभीच होती. मला वाटलं आई लाजतेय. लाजतेय हे बरोबरच होतं, कशाला ते मला कळलं नाही.

कारण आमच्या घरात बोटीची गोष्ट सगळ्यांना पाठ. आम्ही लहान असताना आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडायची. आम्ही कुरकुर केली की आई म्हणायची, बोटीत माझी खिडकी गोल होती आणि तिच्यात अख्खा समुद्र मावायचा. पांढरी चादर होती, संध्याकाळी वाजंत्री ऐकू यायची. आमचं घर कसंही असलं तरी आमची आई गोल खिडकीतून आलेली होती. मी त्यावर मोठा झालो. माझ्या मुलीने ती खिडकी कागदावर काढून तिच्यात मासे रंगवले, ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर आहे.

तर आई मखमली खुर्चीत बसली आणि तिने तेच सांगितलं, न अडखळता. गोल खिडकी, चादर, वाजंत्री. आत्याने दारातून “हो, आणि जेवायला काट्याचमच्याने” अशी भर घातली. बाईंनी मान डोलावली. मी फोनवर सगळं टिपलं. छाती अशी फुगली होती माझी.

मग त्या केबिनच्या उद्घाटनाला तुम्ही आम्हाला बोलावलंत. दुसऱ्या वर्गाची केबिन, चकचकीत पितळी कडी, इस्त्रीची चादर. अध्यक्षसाहेब, तुम्ही स्वतः आईचं बोट धरून बटणावर ठेवलंत. आणि भिंतीतून तिचाच आवाज आला. “माझी खिडकी गोल होती…”

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माणूस स्वतःचा आवाज ऐकताना हसतं नाहीतर ओशाळतं. ती तशी नाही दिसली. कुणीतरी तिच्या देखत तिच्या पाकिटात हात घालत असावं आणि तिला ओरडता येऊ नये, तशी दिसली. ती खिडकीजवळ गेलीच नाही. केबिनच्या उंबऱ्याच्या आतही तिने पाय ठेवला नाही. टाळ्या संपल्यावर तिने मला हळूच विचारलं, बाथरूम कुठे आहे. मी दाखवलं. ती परत आली नाही.

आधी मी वरचा डेक पाहिला, मग जेवणघर. आत्याला विचारलं तर ती एकदम तडकली, मी काय तुझ्या आईची राखणदार आहे का. मग तळाकडच्या जिन्याशी आलो. तिथे ‘प्रवेश बंद’ अशी माझीच पाटी आणि तिच्या पुढची दोरी बाजूला काढून, नीट गुंडाळून, खिळ्याला अडकवलेली.

खाली मिट्ट काळोख होता. मी फोनचा दिवा लावला. आई एका लोखंडी खांबाला टेकून उभी होती, चपला हातात.

“आई, इथे काय करतेस? वाट चुकलीस का?”

“वर चुकले होते,” ती म्हणाली. “दिवा तोंडावर मारू नकोस.”

मी दिवा जमिनीवर धरला. तिने चपला का काढल्यात ते मला आधी कळेना. मग ती सांगू लागली आणि सगळंच कळलं. इथे जमीन कायम ओली असायची म्हणून सगळे चपला हातात घेऊन चालायचे. खांबाखांबांना फळ्या बांधलेल्या, एकीवर एक अशा तीन, आणि प्रत्येक फळीवर माणूस. इकडे येताना माणसं, परत जाताना पोती. “आम्ही उतरलो की फळ्या सोडायचे आणि आमच्या जागी पोती रचायचे,” ती म्हणाली. तिची फळी मधली. वरच्या फळीवर आत्या. आत्याला बोट लागायची आणि तिला फळीबाहेर वाकायचं सुचायचं नाही, सगळं आईच्या अंगावर. हे सांगताना आई हसली. तेवढीच एकदा.

एक नळ होता, बायकांसाठी कोपऱ्यात बादल्या होत्या आणि त्यांच्यापुढे चादर बांधलेली. चादर आखूड होती.

मी विचारलं, “मग गोल खिडकी?”

“होती ना. वर होती.” शेजारच्या फळीवरच्या बाईचं मूल तापलं होतं, गरम पाणी आणायला कुणीतरी वर जायला हवं होतं. आई सगळ्यांत लहान, धीट, ती बादली घेऊन गेली. बोळात एका केबिनचं दार उघडं होतं. आत एक बाई खिडकीशी बसून केस विंचरत होती. मागे गोल खिडकी, तिच्यात समुद्र. आई बघत राहिली. त्या बाईने आईकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, उठली आणि दार लावलं. “रागाने नाही लावलं,” आई म्हणाली. “वारा येतो म्हणून लावतात ना, तसं.”

आणि मग उतरल्यावरचं. वरचे लोक सरळ फाटकातून गेले. तळातल्यांना शेडमध्ये उभं केलं, अंगावर पावडर मारली, आणि उवा होतील म्हणून बायकांचे केस मशीनने काढले. सगळ्यांचे. आईच्या इथल्या पहिल्या फोटोत तिने डोक्याला रुमाल बांधलाय. आम्ही विचारलं की म्हणायची, तेव्हा तशी फॅशन होती. वडील फाटकाशी वाट बघत उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यावरून नजर फिरवली आणि तिच्या मागे बघत राहिले, बायको कधी येतेय म्हणून.

“त्यांना हाक मारावी लागली मला,” ती म्हणाली. “हाक मारायची लाज वाटली. तेव्हा ठरवलं, आपण खिडकीतून आलो.”

वरून कुणीतरी आमच्या नावाने ओरडत होतं. आईने चपला घातल्या. जिना चढताना तिने माझा दंड धरला. “वर सांगायचं नाही कुणाला.” मी काही बोललो नाही. तिने ते हो समजलं.

आता सभेचं सांगतो. तुम्ही तिथे होतात, पण तुम्ही काय पाहिलंत आणि मी काय पाहिलं यात फरक आहे.

नाचाच्या हॉलमध्ये, झुंबराखाली, नव्या हॉलचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवला होता. त्यात बोटाएवढी माणसं नाचत होती. पुढच्या रांगेत मानाचे प्रवासी, छातीवर बिल्ले. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, कुणाला काही हरकत आहे का, आणि घड्याळाकडे पाहिलं. मी उठलो. मी उठणार हे मला उठेपर्यंत माहीत नव्हतं. मी म्हणालो, खाली माल नव्हता, खाली माणसं होती, ती जागा कापू नका. नकाशेवाले साहेब म्हणाले, आधार काय? आणि मी म्हणालो, “माझी आई. ती तळातून आलीय.”

अध्यक्षसाहेब, तुम्ही अगदी गोड बोललात. म्हणालात, आमच्याकडे प्रवाशाचा शब्द शेवटचा, आजींनीच सांगावं. आणि माइक तिच्या हातात दिलात.

आईने माइक दोन्ही हातांनी धरला. ती माझ्याकडे वळली नाही.

“माझा मुलगा पाट्या रंगवतो,” ती म्हणाली. “लिहायचाही नाद आहे त्याला. जरा रंगवून सांगायची सवय लागलीय.” लोक हसले. “मी सेकंड क्लासने आले. तुमच्याकडे आहे की माझा आवाज.”

आत्याने न विचारता हात वर केला आणि गरजेपेक्षा मोठ्याने सांगितलं, “आम्ही दोघी. खिडकी गोल होती.”

लोक हसत होते तेव्हा मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. ते म्हातारे हसत नव्हते. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. एका जाडजूड आजोबांनी छातीवरचा बिल्ला तळहाताने झाकला होता, कुणी तो हिसकावून घेईल तसा. त्यांच्या शेजारच्या आजी नातीचा हात इतका घट्ट धरून होत्या की पोरगी सोडवायला बघत होती. मला त्या क्षणी कळलं, हे सगळे तळातले. एकूण एक. वर्षानुवर्षं एकाच गावात, एकाच बाजारात एकमेकांना भेटतात आणि एकमेकांची खिडकी सांभाळतात. माझी आई एक शब्द खरा बोलली असती तर त्यांच्या सगळ्यांच्या खिडक्या एका झटक्यात बंद झाल्या असत्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मला खोटारडा ठरवलं याचं नाही. मी जे खर्च करायला उठलो होतो ते माझं नव्हतंच, याचं. तुम्ही मतदान घेतलंत. त्यांनीही हात वर केले. स्वतः जिथे झोपले ती जागा कापायला त्यांनी हात वर केले, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने मला वाढलं. ती रागावली की वाढते, आणि जास्त वाढते. मी म्हणालो, तू खोटं का बोललीस.

“खोटं मी बोलले,” ती म्हणाली, “पण लाज तू काढलीस.”

मी म्हणालो, आता तो डेक कापतील. तिने हातातला डाव भांड्यात टाकला. “कापू दे. ते लोखंड वाचवायला मी माझं डोकं पुन्हा भादरून घेऊ? तुझ्या मुलीसमोर?”

“आई, चूक त्यांची होती. तुझी काय चूक?”

“मग लाज मला का वाटते?”

ती माझ्या ताटलीकडे बघत म्हणाली, जेव, गार होतंय.

दुसऱ्या दिवशी आत्या आली, आईशी बोलायला. दोघी आतल्या खोलीत बसल्या. आत्याचा आवाज आधी चढला, मग उतरला, आणि मग मला आतून जे ऐकू आलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. आत्या रडत होती. “वहिनी, बादली घेऊन गेलीस तेव्हा निदान वर तरी न्यायचं होतंस मला,” असं काहीतरी म्हणत होती, आणि आई तिला “वन्सं, पाणी घ्या” एवढंच म्हणत होती.

मी ‘जुना मालखाना’ ही पाटी रंगवलेली नाही. रंगवणारही नाही. दुसरा कुणी मिळेल तुम्हाला, अक्षरं काय कुणीही काढतं. पण मी हे लिहायला घेतलं, कारण चूक कुठे झाली ते मला आता स्पष्ट दिसतंय, आणि ती आईच्या तोंडून झालेली नाही. ती तुमच्या खुर्चीत झाली. तुम्ही दार लावून घेतलं असतंत, तो भिंतीवरचा फोटो उतरवला असतात, सुनेला बाहेर चहा दिला असतात, वर्ग न विचारता फक्त एवढंच विचारलं असतंत की बोटीत कुठे झोपायचात, तर खाली बटणं लावायला भिंत पुरली नसती. माणसाला त्याची लाज विचारायची असते तेव्हा कुजबुजत विचारतात. तुम्ही माइकवर विचारलंत. आणि उत्तर आलं नाही म्हणून खाली कुणी नव्हतं असं ठरवून मोकळे झालात. तेव्हाच्या कंपनीने त्यांना यादीत घेतलं नाही. तुम्ही त्यांच्याकडूनच ते कबूल करून घेतलंत.

हे तुम्हाला पाठवण्याआधी मी आईसमोर बसलो आणि वाचून दाखवू का विचारलं. मी तिच्या मर्जीविना पुन्हा तोंड उघडणार नव्हतो. तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, वाच.

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं ती आता म्हणेल, फाडून टाक. बादल्यांपाशी आलो तेव्हा तिने तोंड फिरवलं. फाटकापाशी आलो तेव्हा मी स्वतःच थांबलो. ती म्हणाली, पुढे. सगळं संपल्यावर ती उठली, ओट्याशी गेली, परत आली.

“एक चुकलंय,” ती म्हणाली. “तू खाली मिट्ट काळोख लिहिलायस.”

मी म्हणालो, मी आलो तेव्हा होता.

“तू आलास तेव्हा असेल. आम्ही होतो तेव्हा नव्हता. जिन्याच्या वर एक दिवा होता, तो रात्रभर चालू ठेवायचे. तोच तर त्रास होता बाबा. अंधार असता तर बरं झालं असतं. सगळ्यांना सगळं दिसायचं.” मग तिने खुर्ची ओढली, टेबलाशी बसली. “हे घाल. आणि मग दे पाठवून.”

घातलं. पाठवतोय. ती माइकवर येणार नाही, सभेत येणार नाही, तिला बोलवायचंही नाही. काही विचारायचं असेल तर तुमच्यातलं कुणीतरी एकट्याने, बिल्ला न लावता आमच्या घरी या. ती दार उघडेल की नाही ते ती ठरवेल. मशीन आणून जमीन कापायच्या आधी मला मात्र तुमच्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवंय, आणि ते अध्यक्षसाहेबांच्या तोंडून, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर हवंय.

तळात नुसता माल होता म्हणता. मग मालासाठी रात्रभर दिवा कशाला लावून ठेवायचे? सांगा.